अनुभव कुणाला मिळाला? चाळीसगावच्या टांग्यापासून डेटाबेस इंजिनिअरच्या जाहिरातीपर्यंत

गेल्या महिन्यात आमच्या अभ्यासिकेच्या फळ्यावर एका मुलाने एका जाहिरातीची प्रिंट लावली. एका सरकारी प्रकल्पासाठी, एका एजन्सीमार्फत, कंत्राटी पद्धतीने माणसे हवी होती. सॉफ्टवेअर इंजिनिअर, डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, नेटवर्क इंजिनिअर. शिक्षण बी.ई., बी.टेक. किंवा एम.सी.ए. अनुभव किमान पाच वर्षे. जाहिरात दीड पानाची होती आणि तिच्यात आरक्षण हा शब्द एकदाही नव्हता. दुसऱ्या दिवशी त्या कागदाखाली कुणीतरी पेनाने लिहिले होते, 'पहिले वर्ष कुठे विकत मिळते?'

हा प्रश्न विचारणारी मुले आळशी नाहीत. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून ती पास झाली आहेत, त्यातली काही पहिल्या वर्गात. एकाचे वडील आम्हाला भेटायला आले तेव्हा सरळ अहिराणीत म्हणाले, "पोऱ्या इंजिनिअर व्हयना, आते अनुभव कोठेन आनू?" शिक्षण, फी, वसतिगृह, जातपडताळणी, शिष्यवृत्ती या सगळ्यांसाठी बापाने खेटे घातले होते. अनुभवाचा दाखला कोणत्या खिडकीवर मिळतो ते मात्र त्याला कुणी सांगितले नव्हते.

आम्हाला या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. ते आमच्याच जिल्ह्यात, चाळीसगावच्या रेल्वे स्टेशनबाहेर आहे.

साल १९२९. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने एक समिती नेमली होती आणि बाबासाहेब तिचे सदस्य होते. खान्देशचे दोन जिल्हे, म्हणजे तेव्हाचे पूर्व आणि पश्चिम खान्देश, बाबासाहेब आणि त्यांच्या एका सहकाऱ्याकडे आले. काम आटोपून मुंबईला परतताना बाबासाहेब चाळीसगावला उतरले, कारण धुळ्याच्या लाइनीवरच्या एका गावात आमच्या माणसांवर बहिष्कार टाकला होता आणि त्याची चौकशी करायची होती. ती करून ते पुढच्या गाडीने चाळीसगावला आले. स्टेशनवर आपली माणसे हार घेऊन उभी होती. महारवाडा दोनेक मैलांवर, मध्ये नदी आणि नदीवर फरशी पूल. स्टेशनबाहेर टांगे भरपूर होते. तरी तासभर कुणी हलेना. शेवटी एक टांगा आला, बाबासाहेब बसले, आणि दोनशे पावले जातात न जातात तोच टांगा एका मोटारीवर आदळता आदळता राहिला. पोलीस ओरडला म्हणून वाचले. फरशी पुलावर घोडा उधळला, चाक कडेच्या दगडावर आपटले, बाबासाहेब उडून दगडी फरशीवर पडले आणि घोडा टांग्यासकट नदीत गेला. त्यांचा पाय मोडला. कित्येक दिवस ते अंथरुणावर होते.

ही हकिकत बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहून ठेवली आहे आणि चळवळीतल्या बहुतेकांना ती पाठ आहे. भाषणात ती सांगताना आपण साधारणपणे एका वाक्यावर थांबतो: टांगेवाल्यांनी बाबासाहेबांना बसवायला नकार दिला. ते खरेच आहे. पण त्या हकिकतीचा उरलेला भाग आम्हाला आज जास्त महत्त्वाचा वाटतो. टांगेवाल्यांनी टांगा द्यायचे नाकारले नव्हते. भाडे घेऊन टांगा द्यायला ते तयार होते. हाकायला तयार नव्हते. मग आपल्याच माणसांपैकी एकाने लगाम हातात घेतला. त्याने आयुष्यात कधी टांगा हाकला नव्हता. टांगा हाकणे हा त्यांचा धंदाच नव्हता. यात काय मोठेसे, असे समजून तो बसला, आणि जबाबदारीचे भान आल्यावर घाबरून गेला.

म्हणजे टांगा मिळाला, घोडा मिळाला, रस्ता मिळाला. हाकायचा सराव तेवढा मिळाला नव्हता, आणि तो त्या तासाभरात मिळणारही नव्हता.

आता आमच्यावर नेहमी होणारा आरोप घेऊ. 'तुम्हाला गुणवत्ता नको, अनुभव नको, सगळे आयते पाहिजे.' बँकेचा डेटाबेस ज्याला सांभाळता येत नाही त्याच्या हातात तो द्यावा, असे आम्ही कधी म्हटलेले नाही. बाबासाहेबांनी स्वतः त्या प्रसंगावर लिहिताना आपल्या माणसांनाही सोडलेले नाही. पाहुण्याच्या मानापेक्षा त्याची सुरक्षितता मोठी, हे त्यांच्या ध्यानात आले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. कौशल्य लागते हे आंबेडकरवादी माणसाला कुणी शिकवायची गरज नाही. त्याची किंमत आमच्या नेत्याने मोडलेल्या पायाने दिली आहे. आमचा वाद दुसऱ्याच गोष्टीवर आहे. सराव कुणाला करू दिला आणि कुणाला नाही, हे ज्या व्यवस्थेने ठरवले, तीच व्यवस्था नंतर मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसून विचारते, 'अनुभव किती वर्षांचा?'

अनुभव हा घाम गाळून एकट्याने मिळवायचा गुण आहे, असे सांगितले जाते. पण अनुभव कुणालाही स्वतःच्या स्वतः मिळवता येत नाही. तो कुणीतरी द्यावा लागतो. पहिल्या दिवशी ज्याला काही येत नाही त्याला कुणीतरी पगार देऊन चुका करू देते, त्याच्या चुका दुसरा कुणी दुरुस्त करतो, आणि दोन वर्षांनी तो 'अनुभवी' होतो. इतिहासात हे औदार्य कुणाच्या वाट्याला आले ते पाहिले की आजची जाहिरात नीट वाचता येते.

मुंबईच्या कापड गिरण्यांकडे पाहा. गिरणीत अस्पृश्यांना काम मिळत होते, पण विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. कारण काय, तर तुटलेला धागा जोडताना विणकर त्याला तोंडाची थुंकी लावतो. अस्पृश्याने थुंकी लावलेल्या धाग्याला आम्ही तोंड कसे लावायचे, असे सवर्ण कामगारांचे म्हणणे. आणि गिरणीत चांगला पगार होता तो विणकाम खात्यातच. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. कामगार एकजुटीच्या गप्पा मारणाऱ्यांना त्यांनी विचारले की या खात्याचे दार उघडणार की नाही. लक्षात घ्या, तिथे पदवीची अट नव्हती आणि परीक्षाही नव्हती. मागावर उभे राहू दिले की माणूस विणकर होत होता. मागावर उभेच राहू द्यायचे नाही आणि मग म्हणायचे, यांना विणता येत नाही.

याची उलटी बाजूही आहे. ज्या कामाचा अनुभव आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होता, त्याला अनुभव म्हणून कुणी मोजलेच नाही. गावाची सीमा कुठून कुठे जाते हे महाराला ठाऊक असे आणि सीमेच्या तंट्यात त्याची साक्ष ग्राह्य धरली जाई. सरकारी सांगावा, टपाल, खजिना एका गावाहून दुसऱ्या गावाला पोहोचवणे हे त्याचेच काम. आजच्या भाषेत सांगायचे तर गावाचे नेटवर्क त्याच्या पायांवर चालत होते आणि जमिनीच्या नोंदीचा अर्धा डेटाबेस त्याच्या डोक्यात होता. उरलेला अर्धा कुलकर्ण्याच्या दप्तरात. दप्तरवाल्याची पुढची पिढी कारकून, मामलेदार, वकील झाली. डोक्यात नोंद ठेवणाऱ्याला मिळाले वतन, म्हणजे दिवसाचे चोवीस तास वेठ आणि वर घरोघर भाकरी मागणे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले ते याच वेठीविरुद्ध. वतन प्रत्यक्षात संपायला स्वातंत्र्यानंतरचे १९५८ चे कायदे यावे लागले.

बाबासाहेबांना हे कोडे फार लवकर कळले होते. २९ ऑक्टोबर १९४२ चे त्यांचे निवेदन आमच्या इंजिनिअर मुलांपैकी किती जणांनी वाचले आहे? व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाल्यावर काही महिन्यांतच त्यांनी अनुसूचित जातींच्या तक्रारींचे हे निवेदन सरकारला दिले. त्यात नोकऱ्यांतील आरक्षणाची मागणी आहे, आणि पुढच्याच वर्षी, १९४३ मध्ये, केंद्राच्या नोकऱ्यांत ८.३३ टक्के जागा मिळाल्या. १९४६ मध्ये त्या १२.५ टक्के झाल्या. पण त्याच निवेदनात त्यांनी असेही मांडले आहे की नुसत्या कला आणि कायद्याच्या पदव्यांनी समाजाचे फारसे भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण पाहिजे, आणि ते फार खर्चाचे असल्याने सरकारने पैसा द्यावा. १९४४ पासून सुरू झालेली शिष्यवृत्ती, जिच्यावर आजही आमची पोरे शिकतात, ती या मागणीतून आली. तिसरी गोष्ट सहसा सांगितली जात नाही. सरकारी छापखाने आणि रेल्वेची वर्कशॉपे यांत आपल्या मुलांना उमेदवार म्हणून, अप्रेंटिस म्हणून घ्या, असेही त्यांनी मागितले होते. नोकरी, शिक्षण आणि उमेदवारी या तीन मागण्या त्यांनी एकाच कागदावर ठेवल्या. पहिल्या दोन आपण लावून धरल्या. तिसरी विसरलो, आणि आज आपला पाय अडकला आहे तो तिथेच.

त्याच मजूर खात्याच्या काळात, १९४५ मध्ये, सेवायोजन कार्यालयांची यंत्रणा उभी राहिली. युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी ती सुरू झाली आणि नंतर सगळ्यांना खुली झाली. आज 'एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचे कार्ड' म्हटले की लोक हसतात. पण त्या कार्डामागची कल्पना हसण्यासारखी नव्हती. रिकामी जागा कुठे आहे हे फक्त साहेबाच्या भाच्याला कळू नये, ते सरकारी रजिस्टरवर यावे, एवढीच ती कल्पना. १९५९ च्या कायद्याने पंचवीस किंवा त्याहून जास्त माणसे असलेल्या खाजगी आस्थापनांनाही रिकाम्या जागा कळवणे बंधनकारक केले. त्यातलेच उमेदवार घ्या अशी सक्ती मात्र केली नाही. दार दाखवले, उघडायला लावले नाही.

आता संगणकाकडे येऊ. भारतात संगणक १९५० च्या दशकात आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० मध्ये स्वतःचा संगणक चालू केला. १९६८ मध्ये टीसीएस सुरू झाली. म्हणजे या देशातील सॉफ्टवेअर माणसांची पहिली पिढी साठच्या आणि सत्तरच्या दशकात तयार झाली. आयआयटीत अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण लागू झाले १९७३ साली. तेव्हा भरती झालेली मुले बाहेर पडेपर्यंत १९७८ उजाडले, आणि तीही किती, कशी, कुठवर टिकली हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. १९८१ साली पुण्यात इन्फोसिस स्थापन झाली. तिचे सातही संस्थापक त्याआधी पाटणी कॉम्प्युटर्समध्ये एकत्र काम केलेले. त्यांच्या हुशारीवर आमचे काही म्हणणे नाही. पण नवी कंपनी निघते ती ओळखीच्या अनुभवी माणसांची, आणि तिची पुढची भरतीही ओळखीतल्या अनुभवी माणसांतून होते, हे या उद्योगाच्या पहिल्या दिवसापासूनचे वळण आहे.

त्या वेळी खान्देशात काय होते? १९८३ साली राज्य सरकारने खाजगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि त्याच लाटेत जळगावजवळ बांभोरीला आणि धुळ्याला कॉलेजे निघाली. शिरपूरचे २००१ चे. जळगावचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले १९९६ मध्ये. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० चे. म्हणजे खान्देशातल्या गरिबाच्या मुलाला कमी फीमध्ये आपल्या जिल्ह्यात इंजिनिअर होता यावे ही सोय झाली तेव्हा इन्फोसिसला पंधरा वर्षे झाली होती. सातपुड्यातल्या पावरा आणि भिल्ल मुलांपर्यंत ती सोय पोहोचायला आणखी वेळ लागला. ती आजही पुरती पोहोचलेली नाही. आम्ही आरक्षणाबद्दल बोलताना नेहमी बौद्ध समाजाचाच विचार करतो असा आक्षेप आदिवासी कार्यकर्ते घेतात. तो रास्त आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

मग या सगळ्या काळात आमच्या समाजाला तांत्रिक अनुभव कुठेच मिळाला नाही का? मिळाला. भुसावळला जाऊन पाहा. रेल्वे, लोको शेड, ऑर्डनन्स फॅक्टरी, वरणगावची फॅक्टरी, दीपनगरचे वीज केंद्र. या ठिकाणी आरक्षणातून लागलेला बाप खलाशी म्हणून आत गेला, फिटर झाला, पुढे चार्जमन झाला. त्याला कुणी पहिल्याच दिवशी पाच वर्षांचा अनुभव विचारला नाही. आत घेतले, शिकवले, पगार दिला. त्याच्या पगारावर पोरे शिकली. जळगाव जिल्ह्यातल्या चळवळीला जो थोडाफार आर्थिक कणा आहे तो भुसावळच्या या पगारांचा आहे, हे आम्ही जवळून पाहिले आहे.

संगणक आणि नेटवर्कच्या कामातही सुरुवातीला तेच होऊ शकत होते, काही प्रमाणात झालेही. देशातले पहिले मोठे काम सरकारी संस्थांनीच केले होते. रेल्वेच्या तिकीट आरक्षणाचा संगणक १९८० च्या दशकाच्या मध्यात चालू केला तो सीएमसी या सरकारी कंपनीने. आयबीएम १९७८ मध्ये देश सोडून गेल्यावर तिच्या यंत्रांची देखभालही याच कंपनीने केली होती. जिल्हा मुख्यालये उपग्रहाच्या नेटवर्कने जोडली एनआयसीने. जळगाव आणि धुळ्याच्या कलेक्टर कचेरीत संगणक नावाची वस्तू रुजली ती त्यातून. टेलिफोन एक्स्चेंज, केबल, पुढे ब्रॉडबँड हे सगळे दूरसंचार खात्याचे आणि २००० नंतर बीएसएनएलचे. या तिन्ही ठिकाणी आरक्षण होते. डेटाबेस म्हणजे काय, नेटवर्क म्हणजे काय, हे पगार घेत घेत शिकण्याची ही जागा होती.

आणि मग? ऑक्टोबर २००१ मध्ये सीएमसीचे ५१ टक्के भाग टाटा समूहाला विकले. मालकी खाजगी झाली, आरक्षण संपले. वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती किमतीची. त्या कंपनीत दरवर्षी किती नवशिके अनुभवी होत होते आणि त्यांत आपले किती, हा हिशेब कुणी मांडला नाही. खरे सांगायचे तर आपणही मांडला नाही. आपले नेते तेव्हा जागावाटपात गुंतलेले होते. बीएसएनएलमध्ये २०१९-२० च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत सुमारे ७८ हजार माणसे एका झटक्यात बाहेर पडली. तालुक्याच्या एक्स्चेंजमध्ये ज्याच्या हाताखाली पोरगा काम शिकला असता तो माणूसच राहिला नाही. उरलेले काम ठेकेदाराकडे गेले.

ठेकेदाराकडे काम गेले की आरक्षणाचे काय होते? केंद्र सरकारचा १९६८ पासूनचा आदेश आहे की ४५ दिवस किंवा त्याहून जास्त काळाच्या तात्पुरत्या नेमणुकीतही आरक्षण पाळावे. पण तो सरकारने स्वतः केलेल्या नेमणुकीला. एजन्सीने माणूस पुरवला की तो एजन्सीचा, सरकारने फक्त 'सेवा' विकत घेतली. महाराष्ट्र सरकारने ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने नऊ एजन्सी नेमल्या आणि अतिकुशल, कुशल, अर्धकुशल, अकुशल असे चार वर्ग करून बाहेरून माणसे घ्यायचे ठरवले. तरुण रस्त्यावर उतरले, ऑक्टोबरमध्ये निर्णय रद्द झाल्याची घोषणा झाली. आपण पेढे वाटले. पण एक शासन निर्णय रद्द झाला म्हणून पद्धत रद्द झाली असे नाही. अभ्यासिकेच्या फळ्यावरची जाहिरात त्या पद्धतीचीच लेक आहे.

या पद्धतीत अनुभव तरी मोजला जातो का? ग्रामपंचायतीतला संगणक परिचालक घ्या. २०११ मध्ये 'संग्राम' प्रकल्प आला, पुढे 'आपले सरकार सेवा केंद्र' आले. जन्ममृत्यूचे दाखले, आठ अ, करवसुली, घरकुलाच्या याद्या, सगळे गाव त्याने संगणकात भरले. वीज नाही, रेंज नाही, मानधन महिनोन्‌महिने थकलेले. दहा-बारा वर्षे हे काम केलेला माणूस डेटाबेसच्या जाहिरातीला अर्ज करायला गेला तर त्याच्या अनुभवाचे मोल शून्य. तो कंपनीमार्फत होता, म्हणून सरकार म्हणते आमचा नाही. गावाच्या नोंदी सांभाळायच्या आणि हक्क मात्र काही नाही. ही व्यवस्था नवी वाटत असेल तर वर वतनाबद्दल लिहिले आहे ते पुन्हा वाचा.

खाजगी क्षेत्रात जात पाहत नाहीत, फक्त काम पाहतात, हे वाक्य आम्ही हिंजवडीहून सुट्टीवर आलेल्या आमच्याच मुलांकडूनही ऐकतो. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास पाहा. ६६ आठवडे वर्तमानपत्रांतल्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, आडनावे वेगळी. बोलावणे येण्याचे प्रमाण उच्चजातीय हिंदू नावांच्या तुलनेत दलित नावांना सुमारे ०.६७ आणि मुस्लिम नावांना ०.३३ निघाले. विरोधकांचा पुरावाही लपवायचा नाही, म्हणून हेही सांगतो: दिल्ली परिसरात असाच दुसरा प्रयोग झाला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात सॉफ्टवेअरच्या जागांसाठी जातीनुसार लक्षणीय फरक आढळला नाही. कॉल सेंटरच्या जागांसाठी फरक दिसला.

हा दुसरा निष्कर्ष आमच्या विरोधात जातो असे अनेकांना वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. त्या प्रयोगातले अर्ज संशोधकांनी बनवलेले होते. सगळ्यांच्या रकान्यात सारखेच शिक्षण, सारखीच लायकी भरलेली. खऱ्या आयुष्यात ते रकाने सारखे नसतात. आडनाव पाहून कागद फेकायची गरजच उरत नाही, कारण चाळणी आडनावाच्या आधीच लागलेली असते: कॉलेज कोणते, इंग्रजी कशी, कॅम्पसला कोणती कंपनी आली, पहिली नोकरी कुणाच्या ओळखीने लागली. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी मोठ्या कंपन्यांच्या एचआर अधिकाऱ्यांशी बोलून लिहिलेला अभ्यासही २००७ चाच आहे. उमेदवाराची घरची पार्श्वभूमी विचारणे हे त्या अधिकाऱ्यांना अगदी स्वाभाविक वाटत होते. वडील काय करतात? आमच्या मुलाने काय सांगायचे, बँडपथकात वाजवतात? आणि अनुभवी माणसांची भरती तर बहुतांशी 'रेफरल'ने होते. आत असलेल्याने आपल्या मित्राचे नाव सुचवायचे, तो लागला तर त्याला बोनस मिळतो. ज्याचे आत कुणीच नाही त्याचे नाव कोण सुचवणार?

इथे आम्हाला आपल्याच माणसांशी थोडे कडू बोलायचे आहे. आत आता कुणीच नाही असे राहिलेले नाही. पुण्यात, बंगळुरूत, अमेरिकेत आमच्या वस्त्यांतून गेलेले इंजिनिअर आहेत. त्यातले बरेच आडनाव बदलून, फोटो लपवून, गप्प बसून आहेत. भीती खोटी नाही. कॅलिफोर्नियाच्या सरकारी खात्याने जून २०२० मध्ये सिस्को कंपनीवर जातिभेदाचा दावा लावला तो आयआयटीत शिकलेल्या एका दलित इंजिनिअरच्या तक्रारीवरून. कंपनीने आरोप नाकारले, आणि ज्या दोन अधिकाऱ्यांची नावे दाव्यात होती त्यांच्यावरचे आरोप २०२३ मध्ये मागे घेतले गेले. तेही सांगितले पाहिजे. पण ते प्रकरण उघडे झाल्यावर इतक्या लोकांनी आपापल्या हकिकती सांगितल्या की जात विमानाने प्रवास करते हे अमेरिकेलाही मान्य करावे लागले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातिभेदाला बंदी घातली. तेव्हा भीती आम्ही समजू शकतो. पण रेफरलच्या फॉर्मवर जात लिहावी लागत नाही ना? मग शिरपूरच्या, भडगावच्या, साक्रीच्या मुलाचे नाव त्यावर का लिहिले जात नाही? बाबासाहेबांनी मार्च १९५६ मध्ये आग्र्याला शिकलेल्यांबद्दल जी खंत बोलून दाखवली ती आपण दर वर्षी फेसबुकवर टाकतो आणि खाली लाइक करतो.

सरकारकडे आणि कंपन्यांकडे काय मागायचे, तर नवे काही मागण्याआधी जे आहे ते वापरू. यूपीएससीच्या जाहिराती नीट वाचा. अनुसूचित जाती-जमातींचे पुरेसे अनुभवी उमेदवार मिळण्याची शक्यता नसेल तर अनुभवाची अट शिथिल करण्याचा अधिकार आयोगाला असतो, असे त्यांत छापलेले असते. म्हणजे अनुभवाची वाटणी समान झालेली नाही हे राज्यसंस्थेने कधीच मान्य केले आहे. राज्याच्या महामंडळांच्या आणि एजन्सीच्या जाहिरातींत हे वाक्य का नसावे? केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये 'लॅटरल एंट्री'च्या ४५ पदांची जाहिरात काढली, तीही अनुभवी तज्ज्ञ हवेत म्हणूनच, आणि आरक्षणाशिवाय. ओरड झाली, तीन दिवसांत मागे घेतली. ओरड केली की होते, एवढे त्यातून दिसले.

दुसरे हत्यार त्याहून धारदार आहे आणि गंजत पडले आहे. अप्रेंटिस कायदा १९६१ चा. १९७३ च्या दुरुस्तीने त्यात कलम ३-अ आले. या कलमाने प्रशिक्षणाच्या जागांत अनुसूचित जाती आणि जमातींसाठी जागा राखून ठेवायच्या आहेत, आणि हा कायदा फक्त सरकारी आस्थापनांपुरता नाही, खाजगी मालकालाही लागू आहे. त्याच दुरुस्तीने इंजिनिअरिंगचे पदवीधर आणि डिप्लोमाधारक अप्रेंटिस म्हणून कायद्याखाली आले. खाजगी क्षेत्रात आरक्षण आणा म्हणून आपण २००४ पासून मोर्चे काढतो आहोत, आणि उमेदवारीपुरते का होईना, ते तीस वर्षे आधीच कायद्यात लिहिलेले होते. १९४२ च्या त्या निवेदनातली तिसरी मागणी हीच. जळगावच्या आणि धुळ्याच्या एमआयडीसीत, दवाखान्यांत, बँकांत, पतपेढ्यांत, साखर कारखान्यांत आज प्रत्येकाला सर्व्हर लागतो, नेटवर्क लागते. तिथे अप्रेंटिस किती घेतले, त्यात आपले किती, हे विचारायचा अर्ज आजवर किती जणांनी केला?

१९३७ मध्ये ३१ जुलैला बाबासाहेब न्यायालयाच्या कामासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यावर मुक्कामाला राहिले. त्या आठवणीसाठी दर ३१ जुलैला तिथे खान्देशभरातून माणसे येतात, पावसात भिजत चढण चढतात. यंदा पुस्तकांच्या स्टॉलशेजारी आमचे एक टेबल असेल. त्यावर माहिती अधिकाराचे कोरे अर्ज असतील, कलम ३-अ चा मराठी मजकूर असेल आणि एक वही. नोकरीत असलेल्या इंजिनिअरांनी वहीच्या डाव्या पानावर आपले नाव, कंपनी आणि काम लिहायचे. पास होऊन घरी बसलेल्यांनी उजव्या पानावर. आडनाव लिहिले नाही तरी चालेल. फोन नंबर मात्र चालू असलेला द्या.